डोंगर कुणाकुणाला दिसतो?

१९७३ च्या ऑक्टोबरात बंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामनगरात एक मुंबईची चित्रपट कंपनी येऊन थडकली. रमेश सिप्पींना 'शोले'साठी चंबळ नको होतं, वेगळंच काहीतरी हवं होतं. ते त्यांना म्हैसूर रस्त्यालगतच्या या उघड्याबोडक्या दगडी टेकड्यांमध्ये सापडलं. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी तिथे एक अख्खं गाव उभं केलं. हमरस्त्यापासून चित्रीकरणाच्या जागेपर्यंत रस्ताही बांधून घेतला. चित्रीकरण आटोपलं आणि येडेकरांचं रामगढ नाहीसं झालं. आजही गब्बरचा अड्डा शोधत येणाऱ्या हौशी मंडळींना हाती लागतात ते फक्त खडक.

दहाएक वर्षांनी याच भागात दुसरी कंपनी आली, डेव्हिड लीनची. ई. एम. फॉर्स्टरच्या ज्या कादंबरीवर तो चित्रपट काढत होता, तिच्यातल्या मराबार गुंफा बिहारमधल्या गयेजवळच्या बराबर गुंफांवरून सुचलेल्या आहेत. लीनने त्या पाहिल्या आणि त्या त्याला सपाट, निस्तेज वाटल्या. म्हणून त्याने सावनदुर्ग आणि रामदेवरबेट्ट या टेकड्या निवडल्या. इथे गुंफा नव्हत्या, तर कंपनीने गुंफांची छोटी तोंडं खडकात कोरून घेतली. 'अ पॅसेज टू इंडिया' १९८४ मध्ये पडद्यावर आला.

एका कंपनीने गाव वसवून उठवलं, दुसरीने खडकाला चार-दोन भोकं पाडली. डोळ्यांना मोठा बदल पहिला होता, पण कायमचा राहिला तो दुसरा. हा ग्रॅनाइट अंदाजे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. एकदा कोरला की तो भरून येत नाही.

एखाद्या प्रकल्पामुळे परिसराचं रूप किती बदलेल, कुणाला दिसेल, किती काळ दिसेल आणि पुन्हा पूर्ववत होईल का, या प्रश्नांची रीतसर उत्तरं शोधण्याचं एक शास्त्र आहे. त्याला भूदृश्य आणि दृश्य परिणामांचं मूल्यमापन म्हणता येईल. ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूट आणि पर्यावरण मूल्यमापकांच्या संस्थेने मिळून १९९५ साली त्याची मार्गदर्शिका काढली. २०१३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली आणि आज ब्रिटनमध्ये पवनचक्क्यांपासून सुट्टीतल्या लाकडी घरांच्या वसाहतीपर्यंत सगळ्याला तीच फूटपट्टी लावतात. अमेरिकेने याहून आधी, १९६९ च्या पर्यावरण कायद्यातच, नागरिकांना दिसायला सुखद परिसर मिळावा हे सरकारचं काम ठरवलं. तिथला सरकारी जमिनी सांभाळणारा विभाग तर आकार, रेषा, रंग आणि पोत या चार कलमांवर नव्या बांधकामाचा आसपासच्या निसर्गाशी किती विरोध होतो ते तपासतो.

हे सगळं ऐकताना एक शंका येते. दिसणं ही तर आवडीनिवडीची गोष्ट, ती मोजणार कशी? शास्त्राचं उत्तर असं, की आवड मोजायची नाही, बदल मोजायचा. तो चांगला की वाईट हा वाद नंतर. आधी तो किती मोठा आहे आणि कुणाच्या वाट्याला येणार आहे, एवढं तरी कागदावर यावं.

ही पद्धत समजून घ्यायला नंदी डोंगरासारखी जागा नाही. बंगळुरूच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर. भोवतालचं पठार नऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे डोंगर साडेपाचशे मीटर एकदम वर उठतो. सह्याद्रीत एका डोंगरामागे दुसरा, त्यामागे तिसरा अशी रांग असते. एखादं रिसॉर्ट घळीत बसलं तर पलीकडच्या खोऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे तसं नाही. नंदी, चन्नगिरी, ब्रह्मगिरी आणि स्कंदगिरी हे मोजके डोंगर सपाट मुलखात सुटे उभे आहेत. त्यांच्यावर काही केलं तर ते पाच तालुक्यांना दिसतं, आणि त्यांच्यावरून खाली पाहिलं तर पाच तालुके दिसतात. किल्लेदारांनी हेच हेरलं होतं. शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख असो की पुढे हैदर-टिपूचं राज्य, ज्याच्या हाती नंदी त्याच्या नजरेत सारा प्रदेश. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला घेतला तोही याच हिशेबाने.

आता इथे लढायला कुणी येत नाही, सूर्योदय बघायला येतात. थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवारी पहाटे चारपासून देवनहळ्ळीकडून गाड्यांची रांग लागते. धुक्याचा समुद्र पायाखाली पसरलेला बघायचा, फोटो काढायचा, उतरताना इडली खायची आणि बाराच्या आत घरी. गांधीजी १९२७ मध्ये कोल्हापूरकडच्या दौऱ्यात आजारी पडले तेव्हा आधी आंबोलीला आणि तिथून विश्रांतीसाठी नंदीवर आले होते. १९८६ मध्ये बंगळुरूला सार्कची शिखर परिषद भरली तेव्हा राष्ट्रप्रमुखांना अनौपचारिक गप्पांसाठी इथेच आणलं होतं. या डोंगराकडे विकण्यासारखं जे आहे ते दृश्यच आहे. आणि ज्या दृश्यासाठी लोक येतात, त्यांच्या सोयीसाठी झालेलं बांधकाम तेच दृश्य खातं. पर्यटनाचा हा तिढा जगभर आहे, पण नंदीच्या पायथ्याशी तो फार उघडा पडतो.

मूल्यमापन करणारा माणूस इथे आला तर सगळ्यात आधी तो डोंगराकडे पाहणारच नाही, डोंगराभोवतीच्या मुलखाकडे पाहील. तलावांची साखळी, तलावाच्या बांधाखाली नाचणीची आणि भाजीपाल्याची शेतं, तुतीचे पट्टे, द्राक्षांचे मांडव, निलगिरीची लागवड, मध्येच उघडा खडक. पायथ्याला नवव्या शतकातलं भोगनंदीश्वराचं देऊळ. हे सगळं मिळून त्या मुलखाचा स्वभाव होतो. तलावाचं लाभक्षेत्र बुजवून जलतरण तलाव आणि हिरवळ केली तर ती कुणाला दिसो वा न दिसो, मुलखाचा स्वभाव बदललाच. हा झाला भूदृश्यावरचा परिणाम. दृश्य परिणाम वेगळा, तो माणसाच्या नजरेचा. मार्गदर्शिका या दोन गोष्टींची गल्लत करू नका असं बजावते, आणि ते खरं आहे. झाडांची भिंत लावून रिसॉर्ट लपवता येतं, पण त्याखाली गेलेलं नाचणीचं शेत परत येत नाही.

दुसरी पायरी नकाशाची. प्रकल्पाच्या जागेवरून नजर कुठवर पोचेल, म्हणजेच कुठकुठून तो दिसेल, हे संगणक जमिनीच्या उंचीच्या आकड्यांवरून काढतो. नासाच्या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतलेली जवळपास साऱ्या पृथ्वीची उंचीची मापं फुकट मिळतात. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाची मिळतात. 'क्यूजीआयएस'सारख्या मोफत संगणक प्रणालीत ती घातली की तासाभरात दृश्यक्षेत्राचा नकाशा तयार होतो. त्यात झाडं आणि घरं नेमकी धरलेली नसतात, म्हणून हा नकाशा शक्यतेचा असतो. इथून दिसू शकेल एवढंच तो सांगतो. पुढे पायांनी जाऊन खात्री करावी लागते.

मग येतं अंतर. चिक्कबळ्ळापूरजवळच्या आवलगुर्की इथे जानेवारी २०२३ मध्ये ईशा फाउंडेशनच्या आदियोगीच्या ११२ फूट उंच मुखवट्याचं अनावरण झालं. ११२ फूट म्हणजे ३४ मीटर. चार किलोमीटरवरून पाहिलं तर तो डोळ्याला अर्ध्या अंशाचा भासतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा. हा आकडा ऐकून कुणाला तो थोर वाटेल, कुणाला किरकोळ. पण हेच गणित दुसरीकडे लावून पाहावं. दहा मीटर उंचीचं, म्हणजे तीन मजल्यांचं साधं लॉज एक किलोमीटरवर उभं असेल तर ते त्या मुखवट्यापेक्षाही किंचित उंच दिसतं. मुखवट्याची चर्चा देशभर झाली. लॉजची कोण करणार?

अनावरणाच्या आधी कर्नाटक उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने आधी 'जैसे थे'चा आदेश दिला, नंतर पुढचं बांधकाम आणि झाडतोड करायची नाही या अटीवर कार्यक्रमाला परवानगी दिली. याचिकेचा भर जमीन, ओढे आणि वन्यजीव यांच्यावर होता. तो रास्तच, कारण आपल्या कायद्यांना हीच भाषा कळते. डोंगराच्या रूपाबद्दल तक्रार करायची तर ती कोणत्या कलमाखाली करणार?

गंमत अशी, की कलम नाही असंही नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेला बांधकाम प्रकल्पांसाठी 'नमुना १-अ' जोडलेला होता. त्यात सौंदर्यदृष्टीचा स्वतंत्र विभाग होता आणि पहिलाच प्रश्न होता, की या बांधकामामुळे एखादं दृश्य, निसर्गसौंदर्य किंवा भूदृश्य झाकलं जाईल का, आणि प्रवर्तकांनी त्याचा विचार केला आहे का. प्रश्न उत्तम. पण उत्तर कसं काढायचं, कुठल्या ठिकाणांवरून तपासायचं, फोटो कसे काढायचे याबद्दल त्या नमुन्यात काही नव्हतं. साहजिकच तिथे 'नाही' एवढं लिहून पुढे जाता येत असे.

त्याहून मोठी मेख दुसरीकडे आहे. १९९४ च्या जुन्या अधिसूचनेत पर्यटन प्रकल्प हा स्वतंत्र प्रकार होता. समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरमधले, आणि १,००० मीटरपेक्षा उंचावरचे, पाच कोटींहून जास्त गुंतवणुकीचे पर्यटन प्रकल्प परवानगीच्या कक्षेत येत. २००६ मध्ये हा प्रकार यादीतून गेला. आता रिसॉर्टकडे फक्त इमारत म्हणून पाहायचं आणि बांधकाम २०,००० चौरस मीटर भरलं तरच विचारायचं. शंभर चौरस मीटरची एक अशा तीस कुटिरांचं रिसॉर्ट ३,००० चौरस मीटरचं होतं. अशी दहा रिसॉर्ट एका डोंगराच्या पायथ्याला ओळीने उभी राहिली तर एकूण ३०,००० होतात, पण प्रत्येक मालक वेगळा, प्रत्येक सात-बारा वेगळा. सौंदर्यदृष्टीचा तो नेटका प्रश्न एकालाही विचारला जात नाही.

ग्रामीण पर्यटन हे मुळात असंच तुकड्यातुकड्यांनी वाढतं. कुणी शेतघराच्या दोन खोल्या वाढवतो, कुणी होमस्टे काढतो, कुणी द्राक्षबागेत वाइन चाखायची सोय करतो. दोडबळ्ळापूरकडे नंदीच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाच्या द्राक्षबागा आहेत. तिथला मांडव हा शेतीचाच भाग, तो मुलखात मिसळून जातो. शेजारच्या भूखंडावर पांढऱ्याधोप भिंतींचं आणि निळ्या पत्र्याचं तीन मजली 'फार्म स्टे' आलं की ते मिसळत नाही. कायद्याच्या लेखी दोन्ही सारखेच, दोन्ही लहान. ब्रिटिश मार्गदर्शिकेत एकत्रित परिणामांवर आख्खं प्रकरण आहे. आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर ही बेरीज कुणाच्याच टेबलावर येत नाही. शेतजमीन बिगरशेती करायची तर कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, पण तो जमिनीच्या वापराचा अर्ज. इमारत कशी दिसेल हा त्याचा विषय नाही.

आणि मग नंदीचा रोपवे. मार्च २०२३ मध्ये त्याची पायाभरणी झाली. लांबी २.९३ किलोमीटर, खर्च सुमारे ९३ कोटी रुपये. रोपवे म्हटलं की निसर्गप्रेमी ताबडतोब नाक मुरडतात. पण मूल्यमापनाची खरी कसोटी इथेच लागते, कारण तुलना रोपवे विरुद्ध मोकळा डोंगर अशी नाही. ती रोपवे विरुद्ध घाटरस्ता अशी आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या सुमारास मुसळधार पावसात दरड कोसळून नंदीचा रस्ता वाहून गेला आणि डोंगर काही महिने पर्यटकांना बंद राहिला. रस्त्यासाठी उतार कापावा लागतो, वर शेकडो गाड्यांना जागा करावी लागते, पहाटेच्या अंधारात हेडलाइटची माळ लांबवरून दिसते. रोपवेने गाड्या खरंच कमी झाल्या तर हा भार हलका होईल. उलट खांब धारेवर आकाशात उठून दिसले, आणि रोपवे असतानाही वर गाड्या जातच राहिल्या, तर दोन्हीकडून नुकसान. खांब कड्याच्या पार्श्वभूमीवर राहतील की आकाशाच्या, एवढ्या एका प्रश्नावर निम्मा निकाल अवलंबून आहे. तो नकाशावर आधीच सोडवता येतो.

असे निर्णय चित्र पाहून घेतले जातात, म्हणून चित्राची शिस्त महत्त्वाची. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात बरंच रुंद दृश्य मावतं आणि लांबचा डोंगर प्रत्यक्षापेक्षा लहान वाटतो. पवनचक्क्यांच्या वादांतून ब्रिटनमध्ये हे चांगलंच अंगवळणी पडलं आहे. तिथे ५० मिलिमीटरच्या भिंगाने फोटो काढायचा, तो ठरावीक आकारात छापायचा आणि त्यावर नियोजित बांधकाम मापात बसवून दाखवायचं, असा दंडक आहे. आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांतली चित्रं बहुधा ड्रोनमधून दिसावीत तशी असतात. हिरवीगार, वरून खाली पाहणारी. गावातला माणूस घारीच्या उंचीवरून काहीच पाहत नाही.

कर्नाटकात दृश्य परिणामाच्या याच प्रश्नावर एकदा चांगलीच नाचक्की झाली आहे. १९८६ मध्ये हंपी जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढे संरक्षित परिसरात तुंगभद्रेवर दोन झुलते पूल बांधायला घेतले, एक आनेगुंदीकडे वाहनांसाठी, एक पायी जाणाऱ्यांसाठी. १९९९ मध्ये युनेस्कोने हंपीला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. विजयनगरचे अवशेष नदी, शिळांचे ढीग आणि शेतं यांच्यासकट एक आहेत, आणि पुलांचे टॉवर त्यात घुसले आहेत, असा आक्षेप होता. आनेगुंदीच्या लोकांना नदी ओलांडायला हरिगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल नाव, सोडून काहीतरी हवं होतं हेही तितकंच खरं. हंपी त्या यादीतून २००६ मध्ये बाहेर आलं. वाहनांचा अर्धवट पूल जानेवारी २००९ मध्ये कोसळला आणि त्यात मजुरांचे जीव गेले. नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डी या बेटासारख्या जागेवर मध्यंतरी भातशेतीच्या कडेने रिसॉर्ट आणि झोपड्या उगवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्या बेकायदा ठरवल्या आणि मार्चमध्ये त्यांच्यावर बुलडोझर फिरला. ज्यांची पोटं त्यावर चालत होती त्यांना आधी कुणी रीतसर नकाशा दाखवला नव्हता. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला तर एल्बे नदीवरच्या एका पुलापायी २००९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जाच गमवावा लागला.

महाराष्ट्राने हा इतिहास नीट वाचायला हवा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. नोंद नुसत्या तटाबुरुजांची नाही, किल्ला ज्या डोंगरदऱ्यांत बसला आहे त्यांचीही आहे. पायथ्याच्या गावांत आता हॉटेलं, वाहनतळ, पाट्या आणि दिव्यांची मागणी वाढणार. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, जे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या वारशात आहे, गर्दीपासून फुलं वाचवायला तारेचं कुंपण घातलं होतं. त्याने पठाराचं रूप बिघडलंच, शिवाय गुरांची चराई थांबल्याने फुलांवरही परिणाम होतो अशी टीका झाली आणि पुढे ते काढावं लागलं. संरक्षणासाठी केलेल्या कामाचाही दृश्य परिणाम असतो, हे त्यातून दिसलं.

परक्या पद्धती उचलताना मात्र सावध राहावं. ब्रिटिश पद्धतीत पाहणाऱ्यांची संवेदनशीलता ठरवतात. तिथले रहिवासी आणि निसर्ग पाहायला आलेले पदभ्रमी वरच्या पायरीवर, मोटारीतून जाणारे मधे, आणि कामाच्या जागी कामात गढलेली माणसं खाली. विलायतेत हे पटण्यासारखं आहे. चिक्कबळ्ळापूरच्या तुतीच्या शेतात ते कोलमडतं. तिथली बाई पानं तोडते तेव्हा ती कामगार, बांधावर भाकरी खाते तेव्हा रहिवासी आणि सणाला भोगनंदीश्वराला जाते तेव्हा भाविक. तिन्ही वेळा समोर तोच डोंगर. ठोकळेबाज तक्त्यात तिची नोंद 'कमी संवेदनशील' अशी होईल आणि शहरातून दोन तासांसाठी आलेल्या सूर्योदयप्रेमीची 'अतिसंवेदनशील'. हाच तक्ता उलटाही वापरला जातो. शहरी पाहुण्याला शेतं मोकळी हवीत म्हणून शेतकऱ्याने दोन खोल्या बांधू नयेत, असंही त्यातून निघू शकतं. पीक बुडालं की त्या दोन खोल्यांवरच घर चालतं, हे सांगणारा रकाना त्यात नाही.

म्हणून उपाय बंदीचा नसून आधी विचारण्याचा आहे, आणि तो फार महाग नाही. दहा किलोमीटरच्या टापूत डोंगराभोवतीच्या गावांचा एकच दृश्यक्षेत्राचा नकाशा जिल्ह्याने एकदा करून ठेवायचा. त्यावर कुठल्या पट्ट्यात बांधकाम धारेच्या वर दिसेल आणि कुठल्या पट्ट्यात उतारात मुरेल हे रंगवायचं. मुरणाऱ्या पट्ट्यात परवानगी झटपट द्यायची. भिंतीचा रंग आसपासच्या खडकापेक्षा एक-दोन छटा गडद ठेवायचा, हा अमेरिकेतल्या सरकारी जमिनींवरचा साधा नियम इथेही चालेल, आणि गडद रंग पांढऱ्याहून महाग नसतो. दिवे खाली झुकलेले, झाकलेले. बिगरशेतीच्या अर्जासोबत ५० मिलिमीटरच्या भिंगाने काढलेले तीन फोटो जोडायचे. एक डोंगरमाथ्यावरून, एक बसथांब्यावरून आणि एक गावच्या तलावाच्या बांधावरून. पहिले दोन अर्जदार आपणहून आणेल. तिसरा मागून घ्यावा लागेल, कारण त्या बांधावर पर्यटक थांबत नाहीत, गावचे लोक मात्र रोज संध्याकाळी तिथूनच गुरं घेऊन परततात.